तांदळात पिकलेलं औषध

पाच महिने मी रोज सकाळी डोक्याला जे लावत होते, ते तांदळात पिकलेलं होतं. हे आधी सांगते, कारण माझी चूक तिथूनच सुरू झाली. दुसऱ्या कशातून काढलेलं असतं तर मी बाटली उलटीसुलटी करून दहा प्रश्न विचारले असते. तांदूळ म्हटल्यावर मी एकही विचारला नाही.

मी भाताचा व्यापार करते. टाकवे बुद्रुकला घर आहे, कामशेतला दोन गाळे आहेत. नवरा गेला तेव्हा महेश चार वर्षांचा होता. दहा-दहा किलोची गाठोडी डोक्यावर घेऊन मी लोणावळ्याच्या बंगल्यांच्या दारात इंद्रायणी तांदूळ विकला. आता टेम्पो जातो. माझ्याशी भाव ठरवायला येणारी माणसं आधी पाणी मागून पितात, असं आमच्याकडे चेष्टेत म्हणतात, आणि त्यात फार खोटं नाही.

समोरच्याने पहिल्यांदा सांगितलेलं मी आयुष्यात कधी मान्य केलं नाही. भाव असो, तारीख असो, वजन असो. या सवयीने मला घर दिलं, गाळे दिले. याच सवयीने माझा अर्धा कान नेला. आणखी काय नेणार आहे ते अजून कळायचं आहे.

डाग

सहा वर्षांची असताना मला आकडी यायची. आमच्याकडे तेव्हा पोरांना डाग द्यायचे. पोट दुखलं, डाग. कावीळ झाली, डाग. माझ्या चुलतीने विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि डाव्या कानाच्या वर टेकवलं. दोघी बायका माझे पाय धरून बसल्या होत्या. ती जागा चिघळली, दोन महिने पू वाहिला आणि भरली तेव्हा लहान मुलाच्या तळहाताएवढी गुळगुळीत, चकचकीत कातडी राहिली. त्यावर पुन्हा कधी केस आला नाही.

मी भांग उजवीकडे पाडला, पदर डावीकडून पुढे घेतला आणि विसरून गेले. पन्नास वर्षं गेली. भाजल्याची जुनी कातडी इतक्या वर्षांनी बिघडू शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात असं कुणी असेल, डाग दिलेलं, तेलाने नाहीतर दुधाने भाजलेलं, तर त्या जागेवर नजर ठेवा. हा लेख इथेच सोडून उठलात तरी चालेल, पण ती जागा बघा.

पिशवीवरचा फोटो

आमच्या तांदळाच्या पिशवीवर माझा फोटो टाकायचा, असं महेशने ठरवलं.

"आई, लोकांना खरी बाई दिसली पायजे. हसरी."

"हसरी पायजे तर तुझ्या बायकोचा टाक," मी म्हटलं. मनातून मात्र मला ते आवडलं होतं.

फोटो काढणारा तळेगावचा. "काकू, पदर जरा मागं घ्या ना," असं तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी घेतला. नंतर त्याने कॅमेऱ्यात दाखवलं. माझा चेहरा चांगला आला होता, पण कानाच्या वर ती जागा उन्हात परातीसारखी चमकत होती. मी त्याला सगळे फोटो पुसायला लावले.

त्याच आठवड्यात मी शेजारच्या गाळ्यात सोनालीच्या पार्लरमध्ये गेले. गाळा माझा, पार्लर तिचं. कष्टाळू पोरगी. तिने फ्रिजमधून बोटाएवढी काचेची बाटली काढली.

"मावशी, हे नवीन हाय. जखम भरायला आपल्या अंगात जे प्रोटीन असतं ना, तसलंच प्रोटीन भाताच्या रोपात तयार करत्यात. मग दाण्यातून काढून हे जेल बनवत्यात. कातडी सुधारती, केसांची मुळं जागी व्हत्यात."

"भाताच्या रोपात?"

"व्हय. प्राण्याचं काय न्हाई त्याच्यात."

"मग आमच्या इंद्रायणीतनं बी निघंल की."

"तुमच्या इंद्रायणीतनं निघालं असतं तर तुमी एवढी वर्षं पदर घेऊन हिंडला असता का?"

आम्ही दोघी हसलो. मग तिने माझा पदर बाजूला केला आणि हसायची थांबली.

"हे काय झालंय?"

डागाच्या मधोमध एक खपली होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

"फणी लागली."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

ती खपली तेव्हा तीन महिन्यांची होती. निघायची, ओली व्हायची, पुन्हा धरायची. मी कुणाला दाखवली नव्हती.

सोनालीने बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली. "उघड्या जखमेवर लावायचं न्हाई, कंपनीनं बजावलंय. तुमी आधी डॉक्टरला दाखवा. चिठ्ठी आणा, मग देते."

चिठ्ठीशिवाय देत नाही, हा तिने सांगितलेला पहिला भाव होता. मी म्हटलं, "तुझा गाळ्याचा करार कधी संपतोय गं?"

मी हसत म्हटलं. तीही हसली. पण तिने फ्रिज उघडला. कंपनीचा एक फॉर्म होता. जखम किंवा फोड आहे का, या प्रश्नासमोर मी 'नाही'वर खूण करायला लावली आणि खाली माझी सही केली.

मला वाटलं, बरंच झालं. एकाच बाटलीत जखमही भरेल आणि केसही येतील. आणि तांदूळच तर आहे. तांदळाने कुणाचं काय बिघडवलंय?

केस आले

केस खरंच आले. दीड महिन्यात डागाच्या कडेने लव दिसायला लागली, वाफ्यात भात उगवताना दिसतो तशी, आधी भास वाटावा अशी. सोनाली दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर फोटो काढायची. शेजारी एक छोटी पट्टी धरायची, कंपनीने तसं सांगितलं होतं. मग आम्ही दोघी तो फोटो मोठा करून केस मोजायचो. ती माझ्याहून जास्त खूश व्हायची.

मधली जखम भरत नव्हती. कडा वर उचलल्यासारख्या झाल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, जेल आतून मांस भरतंय, म्हणून वर येतंय. फणीला रक्त लागायचं. मी फणी बदलली.

मग माश्या यायला लागल्या. भात मोजताना माझ्या डाव्या बाजूलाच घोंघावायच्या. नाणे मावळातला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मावशी, माश्या लय झाल्यात तुमच्या हितं." मी नोकराला गाळा फिनेलने धुवायला लावला. दुसऱ्या दिवशी माश्या पुन्हा होत्या. त्या गाळ्यासाठी येत नव्हत्या, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कळलेलं मान्य करायला मी आणखी महिना घेतला.

माझी सून पूजा. कमी बोलते, नजर मात्र चुकत नाही. एका सकाळी ती माझ्या उशीचा अभ्रा हातात घेऊन उभी राहिली.

"आई, याला वास येतोय."

"येतोय तर धू."

"दोनदा धुतलाय."

तिने महेशला सांगितलं. तो जेवताना म्हणाला, "आई, डोकं दाखव बरं." मी ताट सरकवलं. "ह्या डोक्यावर वजनं वाहिली तवा हे घर उभं राह्यलं. डोकं माझं हाय. कुणाला दाखवायचं ते मी ठरवीन." तो गप्प झाला. माझ्यापुढे तो लहानपणापासून गप्पच होतो. ही माझी कमाई आहे आणि तिचा मला त्या आजारपणात काही उपयोग झाला नाही.

तळेगावचा दवाखाना

पूजाने मला फसवून नेलं. तिच्या हाताला पुरळ आलंय, सोबत चला म्हणाली. आत गेल्यावर ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मला काही झालेलं नाही. यांचं डोकं बघा." मी उठून जाणार होते, पण तिने दार लावून घेतलं होतं आणि दाराला पाठ लावून उभी होती. लग्नाला सात वर्षं झाली, त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं.

डॉक्टरीणबाई महेशपेक्षा लहान असतील. हातमोजे घातले, दिवा ओढला, जखमेची कड दाबून पाहिली. मग कानाखालून मानेपर्यंत बोटं फिरवली. आम्ही आत शिरलो तेव्हा त्या पूजाशी पावसापाण्याचं बोलत होत्या. ते बोलणं तिथेच राहिलं.

"किती दिवस झाले?"

"पंधरा."

"आई," पूजा म्हणाली.

"आठ महिने."

"याच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आज."

"आज न्हाई जमायचं. भाताची आवक सुरू हाय. संक्रांत झाली की येते."

"आज."

"बरं, सोमवारी."

"मावशी, मी भाजी विकायला बसलेली नाही." त्यांनी आवाज चढवला नाही. "तुम्ही भात घेता म्हणे. पोत्याचं तोंड बघून घेता का?"

"न्हाई. सळई खुपसून तळातला दाणा काढते."

"का?"

"वर चांगलं दावत्यात. पोचट तळाला असतं."

"मग बसा."

मी बसले. सुई टोचली तेव्हा दुखलं नाही. कातडं ओढल्यासारखं झालं आणि एका लहान डबीत माझा एक तुकडा पाण्यासारख्या औषधात बुडाला. डबीवर त्यांनी माझं नाव लिहिलं. ते नाव मी पिशव्यांवर लिहिलेलं पाहिलं होतं, टेम्पोवर पाहिलं होतं. तिथे बघवलं नाही.

रिपोर्ट

आठ दिवसांनी त्यांनी कागद समोर ठेवला आणि शब्द स्पष्ट उच्चारला. त्वचेचा कॅन्सर. जुन्या भाजलेल्या जागी होणारा.

"किती टक्के हाय?" मी विचारलं.

"असा टक्क्यांत नसतो. आहे."

बाहेर पूजा रडली. मी नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तो शब्दसुद्धा मला पहिला भाव वाटत होता, म्हणजे खाली येणारच. डॉक्टरीणबाईंनी पुढे पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. घरी सांगितलं की पुण्याची तारीख मी स्वतः घेते. आणि दुसऱ्या दिवशी एकटीच कान्हे स्टेशनवरून गाडी पकडून लोणावळ्याच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांना तो कागद दाखवलाच नाही. फणीची जखम आहे, भरत नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी मलम दिलं, साखर तपासायला सांगितली आणि म्हणाले, पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर तुकडा तपासावा लागेल. त्यांचा यात काडीचा दोष नाही. मला हवं ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

वीस दिवस मी ते मलम लावलं. विसाव्या दिवशी जखमेची कड कानाच्या वरच्या टोकाला येऊन टेकली.

ज्यांच्या हातात असा कागद आहे त्यांना सांगते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, पण कागद घेऊन जा. कागद लपवून मत घेतलं की ते मत तुमचंच असतं.

सोनालीचा मोबाइल

महेशने पुण्याची तारीख घेतली. त्याच्या आदल्या सकाळी मी सोनालीच्या गाळ्यात शिरले आणि जे तोंडात आलं ते बोलले. दोन गिऱ्हाइकं डोक्याला मेंदी लावलेली, तशीच उठून गेली. तू मला विष विकलंस, म्हटलं. तुझं दुकान उद्याच्या उद्या बाहेर काढते, म्हटलं.

सोनालीने शटर अर्धं खाली ओढलं. मोबाइल काढला.

"बसा मावशी. हे बघा."

दहा फोटो. एकामागून एक. तिने बोटाने सरकवत नेले. कडेची लव प्रत्येक फोटोत दाट होत होती. आणि मध्ये, आम्ही दोघींनी कधीच न पाहिलेलं, ते. पहिल्या फोटोत तांदळाचा दाणा. मग हरभरा. मग रुपयाचं नाणं. शेजारी पट्टी, प्रत्येक फोटोत, अगदी स्वच्छ दिसणारी. आकडे वाचायला दोघींपैकी कुणालाही सवड झाली नव्हती.

"आपण केसच बघत बसलो," सोनाली म्हणाली. "तिसऱ्या फोटोला मी म्हणलं व्हतं, दवाखान्यात जा. तुमी काय म्हणाला, आठवतंय?"

मला आठवत होतं. मी पुन्हा गाळ्याचं विचारलं होतं.

"मी काय करायचं व्हतं मावशी? सांगा ना तुमीच. तुमी ऐकलं असतं का?"

माझा राग तिथे मेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी आजही म्हणते की तिने बाटली माझ्या हातातून काढून घ्यायला हवी होती. पण ती काढून घेऊ शकली नाही याची व्यवस्था मीच लावली होती, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी मला एकदम वाटतात आणि कुठलीच कमी होत नाही.

मी निघताना तिने ते दहाही फोटो महेशच्या मोबाइलवर पाठवले. "मोठ्या डॉक्टरला दावा," म्हणाली.

पुणे

मोठ्या डॉक्टरांनी ते फोटो दोनदा पाहिले. म्हणाले, हे फार कामाचे आहेत, किती वेगाने वाढलंय ते कळतं. मग वेग किती ते मला सांगितलं नाही.

मी विचारलं, "त्या जेलनंच झालं ना?"

"नाही. हा आजार तुमच्या जुन्या डागातून आलाय. तुम्ही जेल सुरू केलं तेव्हा तो तिथे असणारच."

"मग वाढला त्यानं?"

"ते मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. त्या प्रोटीनचं काम पेशींना वाढायला सांगणं. ऐकणारी पेशी चांगली आहे की बिघडलेली, हे त्याला समजत नाही. म्हणून अशी शंका असलेल्या जागी ते लावायचंच नसतं. दुसरीकडे, योग्य जखमेवर, अशी औषधं उपयोगी पडू शकतात. पण त्या जेलने पाच महिने तुमची समजूत काढली. ते पाच महिने नक्की गेले."

पुढे त्यांनी जे सांगितलं तेच आता माझ्या आयुष्यातलं एकमेव महत्त्वाचं वाक्य आहे. डोक्यावरचं कापून काढता येईल. प्रश्न मानेतल्या गाठींचा आहे. तिथे पोचलं असेल तर गोष्ट वेगळी. तपासणीत मानेत काही दिसलं नाही. "सध्या दिसत नाही," असं ते म्हणाले. तो 'सध्या' मी घरी घेऊन आले.

ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डात न्हावी आला. पाच महिन्यांत आलेली लव पहिल्या फटक्यात गेली. मी आरसा मागितला नाही.

डोक्याची कातडी हाडाच्या वरच्या पापुद्र्यापर्यंत काढली. कानाचा वरचा अर्धा भाग गेला. मांडीची पातळ कातडी काढून डोक्यावर लावली आणि त्यावर कापसाची गादी टाक्यांनी शिवून टाकली. पाच दिवस ती गादी उघडायची नाही, डाव्या अंगावर वळायचं नाही. ज्यांचं असं ऑपरेशन व्हायचंय त्यांना एक सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: डोकं तेवढं दुखत नाही, मांडी दुखते. आग होते. परकर त्याला टेकला की डोळ्यांत पाणी येतं. सिस्टरला सांगून पांघरूण वर उचलून धरणारी लोखंडी कमान मागून घ्या.

माझ्या शेजारच्या खाटेवर हिराबाई होती. लोणावळ्याच्या पलीकडच्या एका ठाकरवाडीतली. पायावरची जखम वर्षभर भरत नव्हती, तिचाही तुकडा तपासायला गेला होता. रोज सकाळी साडेसहाला चहा यायचा, त्याआधी ती माझ्याकडे वळून बसलेली असायची.

"मावशे, अर्धा कान ग्येला, चांगलं झालं. नवऱ्याची कटकट अर्धीच ऐकू यील."

"नवरा न्हाई मला."

"मंग सुनंची."

पूजा माझी पाठ पुसत होती. ती इतकी हसली की टॉवेल खाली पडला. मला हसताना टाके ओढायचे. "गप गं बये," मी म्हणायचे आणि हिराबाई दुप्पट बोलायची. तिच्या घरून कुणी आलं तर एक दिवसाआड यायचं. पूजा डबा दोघींचा आणायला लागली, मला न विचारता. चौथ्या दिवशी हिराबाईचा कागद आला. तिचं साधंच निघालं. ती घरी गेली. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी मला तिचा हेवा वाटला. हे लिहायची लाज वाटते. पण तुम्हालाही वाटेल कधीतरी, तेव्हा स्वतःला वाईट समजू नका.

महेश खाटेजवळ उभा राहायचा तो माझ्या पायांकडे बघत. त्याला करायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने सोनालीवर तक्रार लिहून आणली. गाळा खाली करायची नोटीसही.

"सही कर आई."

"आईंनी त्या फॉर्मवर पण सही केलीये," पूजा म्हणाली. "तो फॉर्म पुढे आला तर?"

"तू कुणाच्या बाजूनं हायेस?"

"मी खाटेच्या या बाजूने आहे. तू पलीकडे उभा आहेस."

वॉर्डातली माणसं बघायला लागली. माझ्या घरात माझ्यासमोर कुणी असं भांडलं नव्हतं, मी कुणाला भांडायला जागाच ठेवत नव्हते. मी दोन्ही कागद फाडले. महेशला म्हटलं, "गाळा तिचाच ऱ्हाईल. कंपनीचं माझं मी बघते."

आणि बघते आहे. उघड्या जखमेवर लावू नये, हे वाक्य त्या खोक्याच्या आतल्या घडीच्या कागदावर आहे, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. खोक्याच्या वर भाताची लोंबी आहे, सोनेरी, ठळक. मी कंपनीला पत्र लिहिलं, सोबत सोनालीचे दहा फोटो जोडले. मला पैसे नकोत. ते वाक्य खोक्याच्या तोंडावर आणा, मराठीत, लोंबीएवढं मोठं. त्यांचं गोड उत्तर आलं. माझ्या तब्येतीसाठी शुभेच्छा होत्या आणि माझ्या सहीच्या फॉर्मची झेरॉक्स होती. मी दुसरं पत्र लिहिलं आहे. तिसरंही लिहीन. माझ्याशी घासाघीस करायला अजून त्यांनी सुरुवातच केलेली नाही.

तपासणी

काढलेल्या मांसाच्या कडा स्वच्छ निघाल्या. लावलेली कातडी धरली. जागा खोलगट आहे, रंगाने वेगळी, तिथे केस कधीच येणार नाहीत. मी स्कार्फ बांधते. दुकानात बसते. पोरं टक लावून बघतात, मीही त्यांच्याकडे टक लावून बघते, मग ती पळतात.

तीन महिन्यांनी, म्हणजे परवा सोमवारी, दाखवायला गेलो. डॉक्टर मजेत होते. डोकं बघून छान म्हणाले. मग माझ्या मागे उभे राहून मान तपासायला लागले. दोन्ही हातांची बोटं कानाखालून गळ्यापर्यंत जातात, मला आता तो रस्ता पाठ झालाय. डावं बोट जबड्याच्या कोपऱ्याखाली थांबलं. पुढे गेलं. आणि परत आलं.

"सर्दीबिर्दी झाली होती का?"

"न्हाई."

"दाताचं काही?"

"न्हाई."

ते समोर येऊन बसले. "एक बारीक गाठ हाताला लागतेय. अशा गाठी साध्याही असतात, बऱ्याचदा असतात. तीन आठवडे थांबू. परत बघू. तेव्हाही असली तर सुई घालू."

पूजाने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत आहे तिला कशाची भीती वाटत होती. तीन आठवडे कुणी स्वतःहून देतंय म्हटल्यावर मी सहा मागेन, याची.

"तुमी दोनदा तितंच आलात," मी म्हटलं.

"कुठे?"

"तुमचं बोट. पुढं गेलं आन् परत आलं."

त्यांनी दिवसाच्या यादीचा कागद पुढे ओढला.

"तीन आठवडे न्हाई. सुई आज घाला."

"आज माझी यादी भरलेली आहे मावशी. पुढच्या सोमवारी..."

"आज. मी बाकावर बसते. तुमी जेवायला उठाल तवा घाला. संध्याकाळी घरी जायच्या आधी घाला. मी हालायची न्हाई."

साडेचारला घातली. पूजाने माझा हात धरला होता, की मी तिचा, ते मला सांगता येणार नाही. दहा सेकंदांचं काम. पुन्हा एक डबी, पुन्हा त्यावर नाव. या वेळी मी ते वाचलं, नीट लिहिलंय की नाही बघायला.

आज बुधवार आहे. रिपोर्ट शुक्रवारी येणार. दुकान चालू आहे, आत्ता गोणी उतरतायत, महेश हमालांवर ओरडतोय आणि तो ओरडतो तेव्हा अगदी माझ्यासारखा वाटतो. मी गल्ल्यामागे बसून हे लिहिते आहे आणि मधूनमधून हात मानेकडे जातो. गाठ आहे तिथेच आहे. मुगाएवढी.

शुक्रवारी काय कळेल ते मला माहीत नाही. तुमच्या अंगावर महिनाभर न भरणारं काही असेल, तर माझ्या शुक्रवारची वाट बघू नका. तुम्ही उद्याच जा.